समोरची एकच मुलगी

धर्मेशच्या दुकानातून फॉल लावलेल्या साड्या घेऊन मी बाहेर पडले आणि समोरच्या पार्लरच्या पायरीवर ती मला दोनदा दिसली.

म्हणजे दोन वेळा नव्हे, एकाच वेळी. एक काळा टी-शर्ट घालून दारात उभी होती, हातात केस वाळवायचं मशीन. दुसरी तिच्यापुढे पायरीवर बसली होती, ओले केस तोंडावर घेऊन. मध्ये कॅम्प दोनच्या कापडबाजाराची ती गल्ली, जीन्सच्या गठ्ठ्यांची हातगाडी आडवी घुसलेली, मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हात काढायला तयार नाही. हातगाडी पुढे सरकली, पायरीवरचीने केस मागे टाकले, आणि दोघी माझ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, “मावशी!”

दोन आवाज होते. एक जरा जाडसर, दुसरा बारीक आणि वर चढणारा. हे दोन्ही आवाज माझ्या ओळखीचे होते. किती महिने ऐकत होते. सर्दी झाली की जाड होतो आणि बरी असली की बारीक, असं मी धरून चालले होते. मी हात वर केला. पण कोणाकडे बघून हसायचं ते कळेना, म्हणून दोघींच्या मधे जी काच होती तिच्याकडे बघून हसले आणि चालायला लागले. मागून धर्मेश ओरडला, “मासी, ब्लाउज पीस राहिला!” मी परत गेले. त्याने माझं तोंड बघितलं, मग पायरीकडे बघितलं. “पहचान की हैं? दोनो? अपन को तो मासी, ये सब एक जैसी ही लगती हैं,” म्हणाला आणि पिशवीत कापड कोंबलं. मी त्याच्यावर डाफरले असते. गेल्याच महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला मी डाफरले होते, तो तिला ‘चायनीज’ म्हणाला म्हणून. “ती आपल्याच देशातली आहे, नाव घेऊन बोलायचं,” असं त्याला मी सुनावलं होतं. तेव्हा त्याने विचारलं होतं, “नाव काय तिचं काकू?” आणि मी म्हटलं होतं, “ते तू तिला विचार.”

अंबरनाथला परत येताना रिक्षात मांडीवर साड्या घेऊन मी बसले होते आणि डोक्यात एक चमत्कारिक हिशेब चालू होता. वाटणी म्हणा. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंची करतात तशी. गणपतीनंतर ती आमच्या समोरच्या दारात राहायला आली, तेव्हापासूनचं सगळं मी एकेक करून उचलत होते आणि हे कोणाचं, ते कोणाचं, असं ठरवू पाहत होते. एका दिवशी मी सुकटीची चटणी दिली तर तिने दारातच झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “घर जैसा.” पुढे काही दिवसांनी सुकटच दिली तर म्हणाली, “आज एकादशी है मावशी.” एकादशी! मी चाटच पडले. मला वाटलं, चला, आपल्यातलीच आहे. मग रविवारी सकाळी जिन्यात भेटली, लांब विणलेलं लुंगीसारखं वस्त्र नेसून, हातात काळ्या कव्हरचं पुस्तक. चर्चला निघाले म्हणाली. मी घरी येऊन अनुयाला, माझ्या सुनेला, म्हटलं, “अगं, ही दोन्हीकडे हात ठेवून आहे.” कधी माझ्याशी चक्क मराठीत बोलायची, “गुडघा दुखतोय का? सूज आहे?” आणि दुसऱ्या दिवशी मी मराठीत काही विचारावं तर नुसती मान हलवायची आणि हसायची. कधी दारात उभी राहून तासभर ऐकायची, कधी ‘हां मावशी, हां मावशी’ करत पळायची. कधी अंगाला डेटॉलचा वास, कधी शांपूचा. मी म्हणायचे, लहरी आहे पोर. अनुयाला म्हणायचे, “या लोकांच्या मनात काय असतं ते चेहऱ्यावर कळत नाही बघ.” हे मी म्हणायचे. आणि कळत नव्हतं ते दोन माणसांच्या मनातलं होतं, आणि मी ते एकाच चेहऱ्यावर शोधत होते.

आणि डबा. माझी आई म्हणायची, शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी. मी आयुष्यभर ते पाळलं. समोरच्या दारातून माझा डबा पहिल्यांदा परत आला तो रिकामा. घासूनपुसून लख्ख केलेला, पण रिकामा. माझं मन जरा खट्टू झालं, मग मी म्हटलं, लांबचं पोर, तिला काय माहीत. पुढच्या वेळी डब्यात काळ्या तांदळाची खीर आली, जांभळट, दाट, सुवास तर असा की अभिजीतने, माझ्या मुलाने, बोटाने डबा पुसून खाल्ला. मला वाटलं, शिकली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा रिकामा. मग एकदा लिंबं. मग रिकामा. मला ते लागायचं, खरं सांगते. माझं काय चुकलं म्हणून यावेळी रिकामा, असा विचार मी दुपारभर करायचे.

पत्रीपुलाखालून गाडी गेल्यासारखा आवाज डोक्यात होत होता आणि रिक्षावाला विचारत होता, पूर्व की पश्चिम. पश्चिम, म्हटलं.

चेहरे विसरणारी बाई मी नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, पण आमच्या भागात ते सगळ्यांना माहीत आहे. कारखान्यात ज्या बायका कामाला जायच्या त्यांची मुलं मी वर्षानुवर्षं सांभाळली. आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत पाळणाघर होतं. त्यात एका घरची जुळी होती, नाथा आणि शंकर. त्यांची आई गोंधळायची, संध्याकाळी न्यायला आली की विचारायची, “यातला तापवाला कुठला हो?” मी पाठमोरं बघून सांगायचे. अजून रस्त्यात टक्कल पडलेला माणूस दिसतो आणि मी म्हणते, “अरे, तू संतोष ना? तुला दुधाची साय आवडायची नाही.” तो पायाच पडतो. लोक म्हणतात, मी चेहरे लक्षात ठेवते, पण मी चेहरा कधी बघितलाच नसावा. मी कानाची पाळी बघायचे. पेला धरताना करंगळी कुठे जाते ते बघायचे. रडण्याआधी कोण श्वास आत ओढतो आणि कोण बाहेर सोडतो, ते बघायचे. आणि समोरच्या दारात उभी असलेली ही मुलगी, तिच्या डोळ्यांशी येऊन माझं बघणं थांबायचं. ते बारीक डोळे, ते गालाचं वर आलेलं हाड. हां, ती. झालं. पुढे बघायची गरजच नाही, असं कोणीतरी आत सांगत असावं. दाराशी चपलांचे दोन जोड असायचे, एक मोठा, एक लहान. रोज केर काढताना मी ते झाडूने बाजूला करायचे. केर काढणाऱ्या बाईने चपलांची मापंही बघू नयेत?

घरी आले तर जिन्यातच ऋतिका भेटली. पहिल्या मजल्यावरची. हातात फोन. “काकू, बघा,” म्हणाली. फोनवर आमच्याच गेटमधला फोटो. दोघी पाठमोऱ्या, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात. “तुम्ही म्हणाला होतात ना, एकच आहे म्हणून? मी तेव्हाच म्हणत होते, रात्री एक जाते, सकाळी एक येते, एकच मुलगी असेल तर झोपते कधी? फसवतायत. रविवारी मीटिंग लावलीय चिंतामणी काकांनी. मालकाला फोन झालाय.” मालक कैलास वांगणीला असतो, त्याच्या शेतघरावर. तो म्हणाला होता, सोसायटी म्हणेल तसं, मला कटकट नको. म्हणजे सोसायटीने ‘खाली करा’ म्हटलं की खाली करायचं. “आणि खोटं बोलून राहणारे लोक आणखी काय काय करत असतील,” असं म्हणून ऋतिकाने फोन बंद केला.

हो, मी म्हणाले होते. मागच्या मीटिंगला हाच विषय निघाला होता, समोरच्या घरात नक्की किती जणी राहतात हा, आणि मी उठून उभी राहिले होते. “मी समोर राहते. एकच पोर आहे. नर्स आहे बदलापूरच्या हॉस्पिटलात. मी ओळखते तिला.” मी चेहरा विसरत नाही हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे विषय तिथेच मिटला होता. घरी येताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. त्या पोरीची बाजू घेणारं कोणीतरी आहे, आणि ते मी आहे.

रात्रीच्या स्वयंपाकाला अनुया भाजी चिरत होती. मी तिला सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. “आई, खरंच? तुम्हाला नव्हतं माहीत? मला वाटलं तुम्ही मुद्दामच एक म्हणालात, त्यांची बाजू घ्यायला. मलाही नाही कळलं म्हणा, मी सातला जाते, आठला येते.” मग म्हणाली, “सांगून टाका ना, मोतीबिंदू आहे म्हणून.”

“माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. सगळ्या बिल्डिंगच्या सुयांत मी दोरा ओवून देते.”

“मग सांगा की तिनंच तुम्हाला सांगितलं होतं, एकटी राहते म्हणून. तुम्ही विश्वास ठेवलात. त्यात तुमचं काय जातं?”

भाजी चिरली जात होती. मी म्हटलं, बघते. आणि मी खरंच बघत होते, म्हणजे ते वाक्य तोंडात घोळवून बघत होते. तिनंच मला सांगितलं होतं. सोपं होतं. त्यात ‘तिनं’ म्हणजे कोणी हेही सांगावं लागत नव्हतं.

झोप लागेना तेव्हा मला तो चिनी कापडवाला आठवला. आमच्या लहानपणी अंबरनाथला चाळीत यायचा, पाठीवर मोठं गाठोडं, हातात लोखंडी गज. गज ओसरीवर टेकवायचा आणि गाठ सोडायचा. आतून सॅटिन निघायचं, मोरपंखी, शेंदरी. आईने एकदा त्यातून माझ्या परकराचं कापड घेतलं होतं. आम्ही पोरं ‘चिनी चिनी’ करत मागे धावायचो. चीनचं युद्ध झालं आणि तो यायचा बंद झाला. आई म्हणाली, गेला असेल त्याच्या देशाला. पुढे कोणी म्हणालं, त्यांना धरून नेलं दूर कुठल्या तरी छावणीत, कोणी म्हणालं, तो तर कलकत्त्याचा होता. मला गाठोडं आठवतं. गज आठवतो, त्याच्या टोकाला झिजून आलेली चकाकी आठवते. परकराचा गार स्पर्श मांडीवर अजून आहे. चेहरा नाही. आणि त्या रात्री मला पहिल्यांदाच वाटलं, तो एकच होता का? कारण कधी तो आम्हाला गज उचलून घाबरवायचा आणि हसायचा, आणि कधी ओसरीवर गप्प बसायचा, पाणी दिलं तरी घ्यायचा नाही. आई म्हणायची, “चिन्यांचं काही कळत नाही बाई.” आता आई नाही, चाळ नाही. विचारायचं कोणाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समोरची बेल वाजवली. इतके महिने दारातच बोलणं झालं होतं, आत मी कधी गेले नव्हते. दार उघडलं आणि मी ठरवून गेलेलं सगळं विसरले, कारण कोणी उघडलं ते कळेना. मग आतून दुसरीही आली. बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. खिडकीत तुळशीची कुंडी होती, आणि भिंतीवर क्रॉस. म्हणजे तेही एकेकीचं. मी म्हटलं, “मला माहीत नव्हतं. तुम्ही दोघी आहात हे.”

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. जाडसर आवाजाची होती ती म्हणाली, “हमको मालूम था मावशी.”

“काय मालूम होतं?”

“कि आपको मालूम नहीं.”

बारीक आवाजाची हसायला लागली, मग तिने तोंडावर हात ठेवला. “मावशी, सॉरी. पहले मैं समझी आप मजाक करती. एक दिन आप मेरे को बोला, कल का नाइट ड्यूटी कैसा था? मैं तो पार्लर में!” तिने जाड आवाजवालीकडे बोट केलं. “नाइट ड्यूटी तो इसका.”

मी नावं विचारली. जाड आवाजाची लिनथोई, मणिपूरची, नर्स. बारीक आवाजाची मापुई, मिझोरामची. दोघींची गावं एकमेकींपासून लांब, भाषा वेगळी, देव वेगळा. इथे आपसात त्या हिंदीतच बोलतात, तीही आपल्याकडच्यासारखी मोडून. मापुई म्हणाली, “पहले दिन मैं भी इसका नाम नहीं बोल सकती थी.” मी दोन्ही नावं तोंडात घोळवली. मापुई, लिनथोई. लिनथोई, मापुई. पण कोणतं नाव कोणाचं ते पुन्हा निसटलं.

“मग सांगितलं का नाही मला?”

लिनथोई ओट्याकडे वळली. तिने गॅसवर चहा ठेवला. तिच्या हातांची कातडी सारखे धुऊन धुऊन पांढरट झालेली होती, बोटांच्या सांध्यांवर भेगा. हे मी आज बघत होते. मापुईच बोलली. “आप बहुत बोलते थे ना, मावशी. कहानी. अधूरा छोड़ के चले जाते, बाकी कल. कल तो मैं मिलती. तो ये मेरे को सब बताती थी रात में, कहाँ तक हुआ. ताकि मैं पूछ सकूँ, फिर क्या हुआ.”

मी तिथे खुर्चीवर बसले होते आणि माझ्या पायाखालची फरशी गार होती. म्हणजे मी आमच्या ह्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल जे बोलले होते, तेही. ते मी अभिजीतलाही सांगितलेलं नाही. हे शेवटी मला ओळखेनासे झाले होते. मला ताई म्हणायचे, त्यांची थोरली बहीण समजून. “ताई, सुनंदा कुठे गेली?” असं मलाच विचारायचे. हे सांगताना माझा हात कोणीतरी धरला होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं होतं, “फिर? फिर क्या हुआ?”

“हात कोणी धरला होता?” मी विचारलं. वेड्यासारखा प्रश्न. पण मला तो विचारल्यावाचून राहवेना.

“मैंने,” लिनथोई म्हणाली. चहा गाळत होती, पाठमोरी. पाठमोरी तिला मी पहिल्यांदाच नीट बघितली. उजवा खांदा जरा खाली आहे. “मावशी, अंकल आपको ताई बोलते थे, तो आप क्या बोलते थे?”

“काय बोलणार? ओ द्यायचे. ‘आहे इथंच, येईल आता’ म्हणायचे. नाहीतर रडायचे ते.”

“तो हम भी वही किया,” ती म्हणाली, आणि कप माझ्या हातात दिला.

चहात आलं होतं.  ह्यांना तर मेंदूचा आजार होता. मला काय होतं?

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चिंतामणी भाऊ ह्यांच्याच खात्यातले, निवृत्त झाल्यापासून सेक्रेटरी. पुढे टेबल घेऊन बसले होते. ऋतिकाने फोन सगळ्यांच्यात फिरवला. कोणी म्हणालं, वास येतो. कोणी म्हणालं, वास काय, आमच्या बोंबलांचाही येतो, खोटेपणाचं बोला. कोणी मागून म्हणालं, “कोरोनाच्या वेळी घालवायला हवे होते हे लोक,” आणि कोणी त्याला सांगितलं, “अरे, ते तेव्हा कुठे होते इथे?” त्या दोघी लिफ्टजवळ उभ्या होत्या. लिनथोई ड्यूटीवरून थेट आलेली, पांढऱ्या कपड्यात. त्यांना खुर्च्या कोणी दिल्या नाहीत. मीही दिल्या नाहीत, सुचलंच नाही, हे आता आठवतं.

चिंतामणी भाऊ म्हणाले, “वहिनी, मागच्या वेळी तुम्ही खात्री दिली होतीत. तुम्हाला त्यांनी काय सांगितलं होतं? एकटी राहते म्हणून सांगितलं होतं का?”

वाक्य तयार होतं. त्यांनीच माझ्यापुढे वाढून ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. अनुया माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हटलं. “त्यांनी काही लपवलं नाही. दोघी माझ्याशी रोज बोलत होत्या. दाराशी दोघींच्या चपला होत्या. मलाच त्या एक वाटल्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला दोघींतला फरक कळला नाही. इतके महिने. त्या खोटं बोलल्या नाहीत, मी खोटं बोलले. न कळता.”

 मग चिंतामणी भाऊंना हसू आवरेना. “वहिनी! तुम्ही! अहो, नाथा आणि शंकरला पाठमोरं ओळखायचात तुम्ही!” आणि मग सगळेच हसले. ऋतिकासुद्धा. हसण्याने खुर्च्या करकरल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “काकूंना नाही ओळखता येत, तर आपला काय पाड! सगळ्यांचा छापच एक.” दुसरा म्हणाला, “वॉचमनला सांगा, एकीच्या कपाळावर नंबर टाक.” पुन्हा हशा. हशा वाईट नव्हता, म्हणजे त्यात विखार नव्हता, लग्नाच्या पंगतीत होतो तसा होता. आणि त्या हशातच चिंतामणी भाऊ म्हणाले, “जाऊ द्या हो. लपवलं नाही ना? मग राहू द्या. एक काय नि दोन काय.” ऋतिका फोन पर्समध्ये टाकून म्हणाली, “नावं तरी लावा बाहेर.” संपलं. विषय पाण्याच्या टाकीवर गेला.

मी लिफ्टकडे बघितलं. मापुई मला हात करत होती. लिनथोई जिना चढत होती. लिफ्ट उघडी होती तरी जिना चढत होती, उजवा खांदा खाली, आणि वळली नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीभोवती फिरते आहे. मी खरं बोलले म्हणून त्यांचं घर राहिलं, हे खरं आहे. आणि मी खरं बोलले म्हणून आता वॉचमन हसत विचारतो, “काकू, ही कुठली, एक नंबर की दोन नंबर?” आणि त्याला डाफरायचा माझा हक्क गेलेला आहे, हेही खरं. जे त्या दोघींनी इतके महिने माझ्यासाठी झाकून ठेवलं, ते मी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सगळ्यांपुढे उघडलं. ह्यांनी मला ताई म्हटलं ते मी भरल्या घरात चारचौघांना सांगितलं असतं, आणि लोक हसले असते, तर? पण गप्प बसले असते तर त्यांच्या बॅगा खाली आल्या असत्या. यातलं कुठलं करायला हवं होतं? तिसरं काही होतं का, जे मला सुचलं नाही, जसं खुर्च्या द्यायचं सुचलं नाही? अनुया म्हणते, “आई, तुम्ही वाचवलंत त्यांना, आता झोपा.” ती सातला जाते, आठला येते.

लिनथोई भेटते, “गुडघा कसा आहे?” विचारते, चांगल्या मराठीत, आणि निघून जाते. थांबत नाही. म्हणजे ती लिनथोई असावी. मराठीवरून मी धरते. दारावर आता नावं आहेत, इंग्रजीत, एकाखाली एक. दार उघडून जो चेहरा येतो त्याला कुठलं नाव लावायचं ते अजून माझं चुकतं. मी मुद्दाम बघते. कानाची पाळी बघते. पण बघते आहे हे त्यांना कळतं, आणि मुलांना कधी कळत नव्हतं.

परवा पुरण घातलं होतं. मी दोन डबे भरले, दोन वेगळे डबे, एक उभा, एक पसरट, आणि दोन वेगळ्या वेळांना नेऊन दिले. उभा डबा संध्याकाळी दिला, पार्लर सुटायच्या वेळी. पसरट सकाळी, ड्यूटीवरून कोणी परत येतं तेव्हा. ज्या हातांनी तो घेतला त्यांच्या सांध्यांवर भेगा होत्या. “थँक यू मावशी,” इतकंच, आणि दार लागलं.

आज दुपारी बेल वाजली. जिन्याच्या खिडकीतून मागून ऊन येत होतं, त्यामुळे दारात नुसती आकृती, तोंड काळोखात. डबा पुढे आला, उभा, लख्ख घासलेला. मी तो घेतला, तोंडाकडे न बघता म्हटलं, “ये मापुई.”

ती टाळी वाजवून हसली. “कैसे पहचाना? शकल देख के?”

हो म्हणावंसं फार वाटलं. “नाही गं,” मी म्हटलं. “उभा डबा तुझा. आणि हलका लागला.”

तिला कळलं नाही. मी तिला आत घेतलं, बसवलं, आणि आईचं ते सांगितलं, चिमूटभर साखरेचं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग म्हणाली, “मेरी माँ बोलती, बर्तन में कुछ डाल के देना मतलब हिसाब चुका दिया, अब आना-जाना खतम. खाली और चमकता देना. तब दूसरा फिर से भरेगा.”

मी डब्याकडे बघितलं. गणपतीनंतरचे सगळे रिकामे डबे, ज्यांच्यामागे मी दुपारी घालवल्या, ते सगळे मला पुन्हा भरा म्हणत होते. “मग खीर?” मी विचारलं. “खीर लिनथोई. उसके घर में आपके जैसा है,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, खाली बघत, “वो गुस्सा नहीं है मावशी. है. लेकिन...” पुढे तिला शब्द सापडला नाही.  मी तिच्या डब्यात पुन्हा पुरण भरलं, वरून तूप सोडलं, आणि ती गेली.

पसरट डबा अजून लिनथोईकडे आहे. तो भरून येईल, की मापुईकडून शिकून रिकामा, की येणारच नाही, मला माहीत नाही. सकाळी ड्यूटीवरून येणारी पावलं जिन्यात वाजतात तेव्हा मी केर काढायला दार उघडते. चपलांचे दोन जोड असतात. मोठा लिनथोईचा, हे आता मला कळतं. मी तो सरळ करून ठेवते. डबा मागत नाही.